एक दगड, तीस सायकली: डाउनहिल शर्यत डोंगरात उभं राहून कशी बघायची

शर्यत साडेचार मिनिटांची, आणि डोंगरात उभ्या असलेल्या प्रेक्षकाच्या वाट्याला त्यातले पाच-सहा सेकंद. वरच्या झाडीतून मार्शलची, म्हणजे ट्रॅकवर देखरेख करणाऱ्याची, शिट्टी ऐकू येते, मग दगडांवर टायर आपटल्याचा दबका धडधडाट, मग रंगीत कपड्यांचा एक झोत डोळ्यांसमोरून जातो आणि संपलं. पुढचा स्पर्धक येईपर्यंत मिनिट-दोन मिनिटं नुसता पाऊस बघायचा. "दादा, एवढ्यासाठी तू चिखल तुडवत डोंगर चढलास?" धाकट्या बहिणीने फोनवर विचारलं होतं. तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही, कारण पहिल्या खेपेला मी चुकीच्या जागी उभा होतो आणि बघतही चुकीचं होतो. तिला द्यायचं राहिलेलं उत्तर आता लिहून काढतोय.

आधी खेळ काय आहे ते. डाउनहिल म्हणजे माउंटन बाइकवरून डोंगराच्या माथ्याकडून पायथ्यापर्यंत, दोन्ही बाजूंना फीत लावून आखलेल्या वाटेने, शक्य तितक्या लवकर खाली येणं. एका वेळी एकच स्पर्धक सुटतो. शेजारी कोणी नाही, मागे टाकायला कोणी नाही, फक्त प्रत्येकाची वेळ मोजली जाते आणि सगळ्यात कमी वेळेचा जिंकतो. फितीच्या बाहेर गेलात तर जिथून बाहेर पडलात तिथूनच परत आत यायचं. एवढे नियम कळले तरी शर्यत समजते.

याची सुरुवात कॅलिफोर्नियात झाली. २१ ऑक्टोबर १९७६ ला सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फेअरफॅक्स गावाबाहेर काही मित्रांनी जुन्या, जाडजूड सायकली घेऊन एका कच्च्या रस्त्यावरून खाली येण्याची शर्यत लावली. त्या सायकलींचे ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असत. एका उतरणीत हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर व्हायचा आणि दर वेळी ते नव्याने भरावं लागायचं. त्यावरून त्या उताराचं नावच 'रीपॅक', म्हणजे 'पुन्हा भरा', असं पडलं. पुढे १९९० मध्ये कोलोराडोतल्या डुरँगोला पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि १९९३ पासून डाउनहिलची वर्ल्ड कप मालिका सुरू झाली. क्रिकेटचा वर्ल्ड कप डोक्यात असेल तर तो बाजूला ठेवा. इथे वर्ल्ड कप म्हणजे एका मोसमात वेगवेगळ्या देशांत होणाऱ्या शर्यतींची माळ. जागतिक अजिंक्यपद वेगळं. ते वर्षातून एकदा, एकाच दिवसाच्या एकाच उतरणीवर ठरतं.

मी ज्या डोंगराबद्दल बोलतोय तो स्कॉटलंडमध्ये आहे. फोर्ट विल्यम हे गाव ब्रिटनमधल्या सर्वांत उंच शिखराच्या, म्हणजे १,३४५ मीटरच्या बेन नेव्हिसच्या पायाशी वसलंय. शर्यत मात्र बेन नेव्हिसवर होत नाही, शेजारच्या ऊनाख मोर डोंगरावर होते. तिथे स्कीइंगसाठी बांधलेला गोंडोला, म्हणजे तारेवरून वर जाणारा पाळणा, आहे. सायकलीही त्यातूनच वर जातात, प्रेक्षकही. २००२ मध्ये तिथे वर्ल्ड कपची पहिली शर्यत झाली, आणि जागतिक अजिंक्यपद २००७ आणि २०२३ असं दोनदा. ट्रॅक साधारण २.८ किलोमीटरचा, उतार जवळपास साडेपाचशे मीटरचा. आतकरवाडीतून सिंहगड चढताना आपण जेवढी उंची घाम गाळत तासाभरात चढतो, जवळपास तेवढी उंची ही मंडळी साडेचार मिनिटांत उतरतात. सरासरी काढली तर ताशी ३५ किलोमीटरच्या वर येते. आपल्याकडे गावातल्या रस्त्यावर स्कूटर या वेगाने जाते. इथे मात्र खाली रस्ता नाही. ट्रकभर दगड उतारावर ओतून दिले असावेत अशी वाट आहे.

वरचा भाग उघडा. झाड नाही, झुडूप नाही, नुसते करडे खडक आणि वारा. मधे जंगल, त्यात ओली मुळं आणि काळा चिखल. शेवटी जंगलातून बाहेर पडलं की रुंद, वेगवान पट्टा लागतो, त्यावर मोठमोठ्या उड्या, आणि खाली प्रेक्षकांनी भरलेलं अंतिम रेषेचं मैदान. या शेवटच्या पट्ट्याला तिथले लोक 'मोटरवे' म्हणतात. साडेचार मिनिटं डाउनहिलमध्ये फार होतात, बऱ्याच ट्रॅकवर अडीच-तीन मिनिटांत आटोपतं. फोर्ट विल्यमला खाली येईपर्यंत मनगटापासून कोपरापर्यंतचे स्नायू दगड झालेले असतात, ब्रेक दाबायला बोट वळत नाही, आणि नेमका तिथेच सगळ्यात जास्त वेग आणि सगळ्यात लांब उडी येते. म्हणून इथे अंगात रग असलेल्यांचं फावतं. दक्षिण आफ्रिकेचा उंचापुरा ग्रेग मिनार इथे सात वेळा वर्ल्ड कपची शर्यत जिंकला.

सायकल बघितली तर ती सायकल कमी आणि इंजिन काढलेली मोटरसायकल जास्त वाटते. पुढचा फोर्क आणि मागचा शॉकॲब्सॉर्बर, दोन्हीकडे चाकाला वरखाली व्हायला जवळजवळ एक वीत, म्हणजे २०० मिलिमीटर जागा असते. ब्रेक डिस्कचे आणि हायड्रॉलिक. वजन पंधरा-सोळा किलोंच्या आसपास. बऱ्याच जणांचं पुढचं चाक २९ इंची आणि मागचं त्याहून लहान असतं. मोठं चाक दगडांवरून सहज जातं, लहान चाक वळणात पटकन फिरतं आणि उतारावर मागे सरकलेल्या माणसाच्या बुडाला घासत नाही. सीट असते, पण शर्यतीत तिच्यावर बसायला कोणाला सवड नसते.

आणि पॅडल? इथे नवख्या प्रेक्षकाचा पहिला गैरसमज होतो. जो जोरात पॅडल मारेल तो जिंकेल असं वाटतं. २०१५ मध्ये ऑस्ट्रियातल्या लिओगांगला अमेरिकेच्या ॲरन ग्विनची चेन सुटता सुटताच तुटली. पहिल्याच काही पॅडलांत. म्हणजे उरलेली अख्खी शर्यत पॅडल मारणं बंद. तरीही तो जिंकला. फोर्ट विल्यमला असं जमणं कठीण, कारण तिथे मधेमधे सपाट तुकडे आहेत. पण मुद्दा कळतो. वेग फुकटात डोंगरच देत असतो. स्पर्धकाचं काम तो वेग कमावण्यापेक्षा तो वाया न घालवण्याचं आहे.

हे एकदा डोक्यात बसलं की काय बघायचं तेही कळतं. ब्रेक बघा. वळणाच्या आधी सगळेच ब्रेक दाबतात, प्रश्न आहे कुठे आणि किती वेळ. जो लवकर दाबतो आणि वळणातही दाबून ठेवतो तो दिसायला धाडसी दिसतो, कारण त्याचं मागचं चाक घसरतं, माती उडते, आपण ओरडतो. जो उशिरा, सरळ असतानाच कचकन दाबतो आणि वळणात शिरण्याआधी सोडून देतो, तो शांत दिसतो. माती कमी उडते. आता वळणाकडे न बघता वळण संपल्यावर दहा-पंधरा मीटर पुढे बघा. दुसरा तिथे पहिल्यापेक्षा वेगात असतो, आणि पुढच्या अख्ख्या सरळ तुकड्यावर तो वेग त्याच्याजवळ राहतो. पहिल्या खेपेला मी सगळ्यात जास्त माती उडवणाऱ्यांसाठी टाळ्या वाजवत होतो. शेजारी घोंगडीएवढा रेनकोट घातलेले एक स्कॉटिश आजोबा उभे होते, ते प्रत्येक वेळी माझ्याकडे बघून मान हलवत. मला वाटलं, माझ्याशी सहमत आहेत.

कुठून जायचं यालाही महत्त्व आहे. फितींच्या मधली वाट कधी चार-पाच मीटर रुंद असते आणि तिच्यातून जायचे दोन-तीन मार्ग असतात. स्पर्धक याला 'लाइन' म्हणतात. आतली लाइन जवळची पण खडबडीत, बाहेरची लांबची पण वेग राखणारी. कधी कोणी तिसरीच शोधतो: एका मुळावरून उडी घेऊन पुढचा दगडांचा पट्टा सबंध हवेतून पार करायचा. दगडाला चाक लागलंच नाही तर दगड वेग खाणार कसा?

माझ्या चुकीकडे वळतो. त्या पहिल्या खेपेला थोडा वेळ वळणाशी उभा राहून मी खाली उतरलो आणि मैदानात मोठ्या पडद्यासमोर जागा धरून बसलो. सगळी शर्यत दिसली, शेवटची उडी प्रत्यक्ष दिसली, गर्दीत मजाही आली. पण पडदा बघायला विमानाचं तिकीट काढायची गरज नव्हती. पडद्यावर प्रत्येक स्पर्धक बारा-पंधरा कॅमेऱ्यांतून तुकड्या-तुकड्याने दिसतो, आणि कॅमेरा उतार सपाट करून टाकतो. घरी ज्याला आपण 'बरा उतार आहे' म्हणतो, तिथे प्रत्यक्षात नुसतं उभं राहायला झाडाला धरावं लागतं.

दुसऱ्या वेळी मी जंगलातल्या एका वळणाशी गेलो आणि तिथून हललो नाही. वळणाच्या तोंडाशी गुडघ्याएवढा एक दगड होता, त्याच्या डावीकडून मळलेली वाट. पहिले सात-आठ जण डावीकडून गेले. सगळे सारखेच वाटले. मग एक जण दगडाच्या उजवीकडून, जिथे वाट आहे असं मला वाटलंच नव्हतं तिथून, चाकाएवढ्या फटीतून गेला. पुढच्या वळणावर तो आधीच्यांपेक्षा कितीतरी लवकर पोहोचला. हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर प्रत्येकाकडे बघताना माझ्याकडे मोजपट्टी होती. हा डावीकडून, ब्रेक दाबून. ही उजवीकडून, पण मागचं चाक दगडाला घासलं. हा चक्क दगडावरूनच. साताठ जणांनंतर कानही तयार झाला. चाक हलकं ठेवून जाणाऱ्याचा आवाज 'तडतड' असा उडता येतो, आणि सायकलवर जड बसलेल्याचा 'धाड' असा, प्रत्येक दगडाशी वेगळा. अंगावर येणारा स्पर्धक कसा चाललाय हे तो दिसायच्या आधीच कळायला लागलं. आपल्याकडे गायनाच्या घराण्यात बुवा एकच बंदिश आठ शिष्यांकडून म्हणवून घेतात तेव्हा कुठे श्वास तुटला ते जसं उघडं पडतं, तसंच काहीसं.

तर माझ्या बहिणीला हे उत्तर. सहा सेकंद एकाचे असतील तर कमी आहेत. त्याच दगडाशी तीस जणांचे सहा-सहा सेकंद असतील तर ती तीन मिनिटांची एक वेगळीच शर्यत होते, आणि ती टीव्हीवर दाखवत नाहीत.

ही शर्यत बघायची तर शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. वर्ल्ड कपच्या आठवड्यात आधी स्पर्धक ट्रॅकवरून पायी चालत येतात, एकेका दगडाशी पाच-पाच मिनिटं थांबतात, बोटं दाखवून वाद घालतात. मग सराव, मग पात्रता फेरी, मग अंतिम. सरावात स्पर्धक थांबतात, सायकल ढकलत परत वर नेतात आणि तोच तुकडा दुसऱ्या लाइनने करून बघतात. प्रेक्षकासाठी यासारखी शिकवणी नाही, आणि गर्दीही अर्धी असते. शिवाय ट्रॅक तीन दिवसांत बदलतो. शेकडो वेळा ब्रेक दाबले गेल्यामुळे वळणांच्या आधी पत्र्याच्या नागमोडी छपरासारखे खड्डे पडतात, मुळांवरची माती निघून जाते, काल पुरलेला दगड आज वर येतो. शुक्रवारची सगळ्यात वेगवान लाइन रविवारी नाहीशी झालेली असू शकते. हे कळायला दोन दिवस एकाच जागी यावं लागतं.

संध्याकाळी संघांच्या तंबूंत चक्कर मारा. जगज्जेत्याची सायकल स्टँडवर उघडी पडलेली असते, मेकॅनिक हातभर अंतरावर तिचा फोर्क खोलत असतो आणि मधे फक्त एक दोरी असते. क्रिकेटपटूची झलक बघायला हॉटेलबाहेर ताटकळणाऱ्या आपल्यासारख्यांना हे खरं वाटत नाही.

अंतिम फेरीचा क्रम उलटा असतो. पात्रतेत सगळ्यात मागे राहिलेला आधी सुटतो, पहिला आलेला सगळ्यात शेवटी. आतापर्यंतच्या सर्वोत्तम वेळेचा मानकरी खाली एका खुर्चीवर बसतो, तिला 'हॉट सीट' म्हणतात. पुढच्याने त्याला हरवलं की उठायचं. वाटेत काही ठिकाणी मधल्या वेळा नोंदतात. पडद्यावर आकडा हिरवा आला तर स्पर्धक आघाडीवर, लाल आला तर मागे. जंगलात उभे असाल तर ध्वनिक्षेपकाकडे एक कान ठेवा. खालून गर्दीचा आवाज वाढत वर आला की समजायचं, हिरवा आहे.

उलट्या क्रमामुळे आभाळही शर्यतीत उतरतं. २०१७ च्या फ्रान्समधल्या लूर्दच्या शर्यतीत सुरुवातीला ट्रॅक कोरडा होता, आणि मोठी नावं सुटायच्या वेळी पाऊस कोसळला. आधी उतरून बसलेला अलेक्झांद्र फायोल जिंकला, आणि भले भले त्याच्या वेळेच्या जवळपासही आले नाहीत. हा अन्याय आहे का? माझ्या मते नाही, डोंगरावरचा खेळ म्हटल्यावर डोंगराची हवाही आलीच. त्याच वर्षी कॅनडातल्या मोंत-सेंत-आनला भर पावसात उतरून ॲरन ग्विनने शर्यत आणि वर्षभराची मालिका दोन्ही जिंकून दाखवली, त्यामुळे पावसाचा बहाणाही पूर्ण चालत नाही.

फरक किती बारीक असतो? ब्रिटनच्या स्टीव्ह पीटचं उदाहरण तिथल्या प्रत्येक प्रेक्षकाला पाठ आहे. जागतिक अजिंक्यपदात चार वेळा दुसरा. २००४ मध्ये फ्रान्समधल्या ले जे येथे अंतिम रेषा जवळ आली असताना पडला. फोर्ट विल्यमला २००५ मध्ये घरच्या गर्दीसमोर वर्ल्ड कपची शर्यत जिंकली, पण जगज्जेतेपद हुलकावणी देत राहिलं. ते शेवटी २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात कॅनबराला मिळालं, मिनारच्या पुढे ०.०५ सेकंदाने. ताशी पन्नासच्या वेगाने हिशेब केला तर हे अंतर सत्तर सेंटिमीटर भरतं. म्हणजे एका चाकाएवढं. वर कुठल्याशा वळणात ब्रेकवर बोट क्षणभर जास्त राहिलं तर एवढं जातं.

स्त्रियांच्या शर्यतीच्या वेळी बरेच लोक खायला जातात. त्यांचं नुकसान. ब्रिटनच्या रेचल ॲथर्टनने २०१६ मध्ये वर्ल्ड कपच्या सातही फेऱ्या आणि वर जागतिक अजिंक्यपद असं सगळं जिंकलं होतं, आणि २०२३ मध्ये आई झाल्यानंतर परत येऊन स्वित्झर्लंडमधल्या लेन्झरहाइडची वर्ल्ड कप शर्यत जिंकली. शिवाय तोच दगड स्त्रिया वेगळ्या लाइनने घेताना दिसल्या की आपली मोजपट्टी आणखी बारीक होते.

आवाजाची तयारी ठेवा. गाईच्या गळ्यातल्या घंटा, भोंगे, पत्र्याचे डबे, आणि चेन काढलेल्या लाकूडकापणी यंत्रांचा घरघराट. पहिल्यांदा जंगलात तो ऐकला तेव्हा मला खरंच कोणी झाड पाडतंय असं वाटलं. फितीवर रेलू नका, हात बाहेर काढू नका. टायर चुकला की सोळा किलोची सायकल आणि तिच्यावरचा माणूस तुमच्याकडेच येणार असतो. ट्रॅक ओलांडायचा तो ठरलेल्या जागीच आणि मार्शल सांगेल तेव्हाच. शिट्टी म्हणजे 'येतोय'. लाल निशाण फडकलं तर वर कोणीतरी जोरात पडलंय. अशा वेळी मागून येणाऱ्याला थांबवतात आणि त्याला नव्याने सुटायची संधी मिळते. तेव्हा लोक एकदम गप्प होतात, यंत्रंही बंद होतात.

स्कॉटलंडचा उन्हाळा म्हणून सदरा घालून जाल तर पस्तावाल. सह्याद्रीत जुलैत जे नेता तेच न्या: रेनकोट, पकड असलेले बूट, कोरडे मोजे, डबा. एक गोष्ट मात्र जास्तीची, डोक्यावरून घ्यायची बारीक जाळी. तिथे 'मिज' नावाची चिलटं असतात. वारा असला की दिसत नाहीत, वारा पडला की ढगाने येतात आणि चावतात. आपली चिलटं त्यांच्यापुढे साधूसंत. आणि निघण्याआधी त्या वर्षीचं वेळापत्रक बघाच. मालिकेतली गावं बदलत असतात, २०२५ च्या यादीत फोर्ट विल्यम नव्हतं.

त्या दुसऱ्या खेपेला शर्यत संपल्यावर मार्शल फिती गुंडाळत खाली निघाले, तेव्हा त्यांना विचारून मी ट्रॅकवर पाऊल ठेवलं आणि माझ्या दगडाशी गेलो. उजवीकडची फट बुटाने मोजली. एक बूट आडवा मावला, दुसऱ्याला जागा नव्हती. त्याच्या पुढे उतार असा होता की वरून तळ दिसत नव्हता. ते आजोबाही आले होते, छत्री टेकत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग उताराकडे बघितलं. मी खाली बसलो, दोन्ही हात मागे टेकले आणि सरकत, थांबत, मुळं धरत तेवढा तुकडा उतरलो. चार मिनिटं लागली.